रक्तात जंतू 'थोडेच', मग पोरगा बेशुद्ध कसा पडला? (मेंदूचा मलेरिया)

शहादेकर
नमस्कार मंडळी. औषध विचारायला धागा काढलेला नाही. उपचार झाले, पोरगा घरी आला, दोन वेळा जेवतोय. मला फक्त गणित जुळवायचं आहे.

आमच्या सालदाराचा थोरला, विशीतला. मूळ गाव वर धडगावकडे. दिवाळीला गावी जाऊन आला आणि ताप धरला. दिवसाआड हुडहुडी भरून येतो तसा नाही, सारखा अंगात मुरलेला. जवळच्या एका दवाखान्यात सलाईन चढवली, इंजेक्शन दिलं, 'व्हायरल आहे' म्हणाले. नंतर रक्त तपासलं तर फॅल्सिपेरम मलेरिया. पण पुढे एकच अधिकचं चिन्ह. म्हणजे जंतू कमी, असं आम्हाला सांगण्यात आलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो बरळायला लागला, बापाला ओळखेना, मग आकडी आली. गाडी काढून मोठ्या दवाखान्यात नेला. तिथे सेरेब्रल मलेरिया म्हणाले.

आता प्रश्न. रक्तात जंतू थोडे होते तर मेंदूत एवढे गेले कुठून? आणि गेलेले जंतू औषधाने निघतात की तिथेच बसून राहतात? घरचे म्हणतात, 'डोक्यात काहीतरी राहिलं असेल', आणि भगताकडे न्यायचं चाललंय. त्यांना काय सांगू?

काचपट्टी
शहादेकर, मी लॅबवाला आहे, काचेवर थेंब पसरवणं हेच रोजचं काम. आधी त्या अधिकच्या चिन्हाचं सांगतो. जाड थेंबाची काच सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन १०० फील्ड बघायची. सगळ्या मिळून १ ते १० जंतू दिसले तर एक अधिक. ११ ते १०० दिसले तर दोन. एकेका फील्डमध्येच १ ते १० दिसले तर तीन, त्याच्या वर चार. यातून बोटाच्या टोकाच्या रक्तात त्या घडीला किती आहेत एवढंच कळतं. अंगात एकूण किती आहेत हे ती काच सांगत नाही.

व्हायवॅक्स या मलेरियाच्या दुसऱ्या जातीत लहान-मोठे सगळ्या वयाचे जंतू काचेवर सापडतात. फॅल्सिपेरममध्ये मात्र जवळजवळ फक्त बारीक अंगठ्या दिसतात. कोवळे जंतू. मोठे झालेले गेले कुठे, तिथेच तुमचं उत्तर आहे. पुढचं डॉक्टरसाहेब सांगतील, ते या धाग्यावर येतीलच.

फिजिशियन_धुळे
आलो. काचपट्टींनी पाया घातला, आता वरचं बांधकाम.

पहिली गोष्ट सालदारबुवांना सांगा: मलेरियाचा जंतू मेंदूच्या पेशींमध्ये शिरतच नाही. तो तांबड्या रक्तपेशीत राहतो आणि ती पेशी रक्तवाहिनीतच असते. सगळा दंगा मेंदूच्या केसासारख्या बारीक वाहिन्यांमध्ये होतो, भिंतीच्या आतल्या बाजूला. त्यामुळे डोक्यात 'राहायला' काही उरत नाही. व्हायवॅक्स यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी परत उठतो. फॅल्सिपेरमला ती खोडही नाही.

आता मोठे झालेले जंतू कुठे जातात ते. फॅल्सिपेरम एका तांबड्या पेशीत साधारण ४८ तास काढतो. पहिले १६ ते २४ तास तो अंगठीच्या रूपात असतो आणि पेशी रक्ताबरोबर फिरत राहते. नंतर तो पेशीच्या वरच्या आवरणावर बारीक बारीक गाठी उभ्या करतो आणि त्या गाठींवर स्वतःचं एक चिकट प्रथिन मांडतो, नाव पीएफईएमपी-१. या प्रथिनाने ती पेशी वाहिनीच्या भिंतीला धरून बसते. कशासाठी? फिरत राहिली तर पाणथरीत जाईल आणि पाणथरी असल्या ताठरलेल्या पेशी गाळून मारते. तिथे जायचं टाळायला जंतू कडेला दडतो. आतड्यात, फुप्फुसात, मूत्रपिंडात, गरोदर बाईच्या वारेत, आणि मेंदूत.

म्हणजे त्या दिवशीचे बरेचसे जंतू आधीच भिंतींना चिकटून बसलेले असू शकतात, काचेवर फक्त नवीन पिढी दिसते. काच हलकी आणि रोगी जड, हे फॅल्सिपेरममध्ये चालतं. तुमचा प्रश्न नवा नाही बरं का. रोममध्ये मार्कियाफाव्हा आणि बिन्यामी या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मलेरियाने गेलेल्यांचे मेंदू तपासले, तेव्हा बारीक वाहिन्या जंतूंनी भरलेल्या सापडल्या होत्या. लाव्हेराननं अल्जीरियात जंतू पहिल्यांदा पाहिला १८८० मध्ये, तेव्हा ही गोष्ट किती लवकर लक्षात आली बघा. चिकटतो कशाने, हे कळायला मात्र पुढची शंभर वर्षं गेली.

रावेरकर_बापू
डॉक्टरसाहेब, शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो, चुकलं तर कान धरा. आमच्या केळीला ठिबक असते. मेन लाईनला प्रेशर बरोबर असतं, गेज बरोबर दाखवतं, पण नळीत क्षार बसले की शेवटचे ड्रिपर बंद पडतात आणि तिकडची झाडं माना टाकतात. मेन लाईनचं पाणी तपासून काही कळत नाही. असंच ना?

फिजिशियन_धुळे
बापू, अर्धं बरोबर. पण क्षार नळीशी भांडत नाहीत, हे जंतू भांडतात. बंद पडणं हा निम्माच आजार आहे. उरलेला निम्मा नळीच्या भिंतीचा आहे.

वाहिनीच्या आतल्या अस्तराला काही कामं असतात: रक्त उगाच गोठू न देणं, आतलं पाणी बाहेर मेंदूत झिरपू न देणं. त्या अस्तरावर ईपीसीआर नावाचा एक रिसेप्टर, म्हणजे रेणू अडकवायची खुंटी, असतो. तो प्रोटीन सी नावाच्या रेणूला कामाला लावतो. त्याने गोठणं आणि दाह दोन्ही आटोक्यात राहतात. २०१३ मध्ये असं दाखवण्यात आलं की जीवघेण्या मलेरियातल्या काही जंतूंचं चिकट प्रथिन नेमकं याच रिसेप्टरला धरतं. म्हणजे खुंटीही अडवली आणि काम करणाऱ्याचे हातही बांधले. मेंदूच्या वाहिन्यांवर हा रिसेप्टर आधीच कमी असतो, म्हणून तिथे जास्त भोवतं. रक्ताच्या गुठळ्या होतात, अस्तर सैल पडतं, पाणी झिरपतं, मेंदू सुजतो. काही ठिकाणी वाहिनीभोवती कड्यासारखा रक्तस्राव होतो. त्यात पुन्हा फुटलेल्या तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन सांडतं आणि वाहिनीला सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड शोषून टाकतं.

सूज किती महत्त्वाची, हे मलावीतल्या ब्लँटायरमध्ये मुलांचे एमआरआय काढून बघितलं, २०१५ मध्ये ते छापून आलं. १६८ मुलांपैकी २५ दगावली. त्या २५ पैकी २१ जणांच्या मेंदूला भरती होतानाच जोराची सूज होती. वाचलेल्या १४३ मुलांपैकी ३९ जणांनाच तेवढी होती. कवटी फुगत नाही, त्यामुळे सुजलेला मेंदू खाली दाबला जातो आणि श्वासाचं केंद्र थांबतं. आणि गंमत म्हणजे, वाचणाऱ्यांची ही सूज एक-दोन दिवसांत उतरते. मेंदूच्या पेशी मेल्या असत्या तर एवढ्या लवकर पोरगं उठून आईला हाक मारू शकलं नसतं. बंद पडलेलं पुन्हा चालू होतं, म्हणूनच या आजारात घाईला अर्थ आहे.

अमळनेरी
डॉक्टरसाहेब, मन्हं डोकं गरगरनं पन समजनं. आता जरा उलट विचारतो. सूजच मारते ना? मग सूज उतरवायची औषधं आहेत की. माझ्या एका नातेवाइकाला, बऱ्याच वर्षांपूर्वी, एका ठिकाणी डेक्सा आणि मॅनिटॉल भरभरून दिलं. बिलही तसंच. शेवटी बरा झाला. मग ते चूक की बरोबर?

फिजिशियन_धुळे
अमळनेरी, तो बरा झाला याचा आनंद आहे, पण त्या औषधांमुळे झाला असं धरू नका. थायलंडमध्ये १०० रोग्यांवर डेक्सामेथॅसोन तपासलं, १९८२ मध्ये निष्कर्ष आला: जीव वाचण्यात फरक नाही, उलट बेशुद्धी लांबली, न्यूमोनिया आणि पोटातला रक्तस्राव वाढला. मॅनिटॉलची चाचणी आपल्याच देशात झाली, ओडिशात राउरकेलाला, २०११ मध्ये छापली. तिथेही बेशुद्धी लांबली, फायदा नाही. तर्काला पटणारं औषध रोग्याला पटेलच असं नाही, आमच्या धंद्यातला हा जुना खड्डा आहे.

राउरकेलाच्याच मंडळींनी मोठ्या माणसांचे एमआरआय काढले तेव्हा आणखी एक दिसलं: दगावणाऱ्या प्रौढांमध्ये मुलांसारखी कवटीभर सूज हा मुख्य मुद्दा नसतो, मेंदूला ऑक्सिजन कमी पडल्याच्या खुणा जास्त असतात. शिवाय प्रौढांत कावीळ, मूत्रपिंड, फुप्फुस असं सगळं एकदम बिघडतं. म्हणून सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चढवू नयेत, फुप्फुसात पाणी होतं. 'दोन बाटल्या लावा ना साहेब' म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

खरं औषध एकच, शिरेतून आर्टेसुनेट. आधी क्विनाइन होतं. २००५ मध्ये भारत, बांगलादेश, म्यानमार आणि इंडोनेशियातल्या १,४६१ रोग्यांवर दोन्हींची तुलना छापली गेली: क्विनाइनवर २२ टक्के दगावले, आर्टेसुनेटवर १५. कारण वर सांगितलेल्या गोष्टीतच आहे. क्विनाइन मुख्यतः वाढलेल्या जंतूंवर चालतं, म्हणजे चिकटून बसल्यानंतर. आर्टेसुनेट कोवळ्या अंगठीलाच मारतं, भिंतीपर्यंत पोचूच देत नाही. शिवाय क्विनाइनने रक्तातली साखर खाली जाते आणि बेशुद्ध माणसाची साखर उतरली तर बाहेरून कळतही नाही.

मेहरूण
मध्येच एक विषयांतर, संपादक महोदय माफ करा. मलेरिया मुद्दाम टोचायची पद्धतही होती! व्हिएन्नाच्या वाग्नर-याउरेगने सिफिलिस मेंदूत गेलेल्या रोग्यांना मलेरिया देऊन तापवलं आणि १९२७ चं नोबेल घेतलं. व्हायवॅक्स वापरत, फॅल्सिपेरम नाही. तसं का, ते आता वरचं सगळं वाचल्यावर कळलं.

आणि मुद्द्याचं: मी चष्म्याच्या धंद्यात आहे. आमच्या एका व्याख्यानात ऐकलं होतं की डोळ्यात बघून हा आजार ओळखतात. खरं का?

फिजिशियन_धुळे
खरं, आणि फार सुंदर गोष्ट आहे. डोळ्याचा पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग, वाहिन्या त्याच जातीच्या. मेंदूत जे अडकलंय ते पडद्यावर उघड दिसतं: ठिकठिकाणी पांढुरका पडलेला पडदा, वाहिन्यांचा रंग नारिंगी-पांढरा, आणि मध्यभागी पांढरे असलेले रक्तस्रावाचे ठिपके. ब्लँटायरमध्ये दगावलेल्या मुलांची शवविच्छेदनं केली, २००४ मध्ये छापलं. जिवंतपणी मेंदूचा मलेरिया ठरवलेल्या ३१ मुलांपैकी ७ जणांच्या मृत्यूचं कारण भलतंच निघालं. मलेरियाचे जंतू रक्तात होते, पण मारलं दुसऱ्याने. आणि हा फरक जिवंतपणी सगळ्यात चांगला दाखवत होता डोळ्याचा पडदा.

आपल्याकडेही हे लक्षात ठेवायला हवं. पावसाळ्यात ताप आणि बेशुद्धी म्हणजे मलेरियाच असं नाही. मेंदूज्वर आहे, स्क्रब टायफस आहे, मुलांमध्ये चांदीपुरा आहे. तो विषाणू नागपूरजवळच्या चांदीपुऱ्यात १९६५ मध्ये सापडला, वाळूमाशीने पसरतो, आणि २०२४ मध्ये शेजारच्या गुजरातेत त्याने बरीच मुलं नेली. म्हणून पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की 'पोराला लुळं करतील' म्हणत सही नाकारू नका.

नर्मदाकाठ
मी अक्राणीत, म्हणजे धडगावकडेच, शाळेवर आहे. वरचं सगळं बरोबर असेल, पण डॉक्टरसाहेब, तुमचं आर्टेसुनेट तुमच्याकडे असतं. आमच्याकडे पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत यायलाच झोळी लागते. सरदार सरोवराच्या पाण्यालगतच्या गावांना तरंगता दवाखाना आहे, तो येतो त्या दिवशी येतो. ताप आला की आधी भगत, कारण भगत पाड्यावरच राहतो. लोक अडाणी आहेत म्हणून जात नाहीत, जवळ आहे म्हणून जातात.

आमच्या आशाताईकडे किट असतं. बोट टोचायचं, पट्टीवर थेंब, पंधरा-वीस मिनिटांत फॅल्सिपेरम की व्हायवॅक्स कळतं, गोळ्यांचं पाकीटही तिच्याकडेच. रात्री कोणी ताप घेऊन आलं तर मी पोरांना आधी तिच्या घरी पिटाळतो, मग भगताकडे जा म्हणतो. भांडत नाही. भगतही आता 'किट करून आलास का?' विचारतो. तेवढं जमलंय.

आणखी एक. इकडे भिल्ल, पावरा समाजात सिकलसेल (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) खूप आहे. एक आरोग्यसेवक म्हणाला, सिकलसेलवाल्यांना मलेरिया होत नाही. हे ऐकून एका आईने पोराला मच्छरदाणीबाहेर झोपवलं. यावर कोणीतरी स्पष्ट लिहा.

काचपट्टी
गुरुजी, हे मी लिहितो, कारण सिकलसेलच्या सोल्युबिलिटी चाचणीच्या नळ्या मीच बघतो. दोन वेगळी माणसं आहेत. एक वाहक: आई किंवा बाप, एकाकडूनच सिकलचं जनुक आलेलं. दुसरा ग्रस्त: दोघांकडून आलेलं. १९५४ मध्ये अ‍ॅलिसनने पूर्व आफ्रिकेत दाखवलं की वाहकांना मलेरियापासून संरक्षण असतं. पुढच्या अभ्यासांत जीवघेण्या मलेरियापासूनचं संरक्षण ९० टक्क्यांच्या आसपास निघालं. कारण परत तेच चिकट प्रथिन: वाहकाच्या पेशीवर जंतूला त्या गाठी नीट उभ्या करता येत नाहीत, त्यामुळे पेशी भिंतीला घट्ट धरत नाही. मलेरिया होतो, ताप येतो, मेंदूपर्यंत मजल सहसा जात नाही.

पण ग्रस्त मुलाला मलेरिया म्हणजे संकट. त्याचं रक्त आधीच कमी, त्यात मलेरियाने आणखी फुटतं. त्याला मच्छरदाणी सगळ्यात आधी हवी. आणि वाहकालाही हवीच, ९० म्हणजे १०० नव्हे. त्या माउलीला एवढंच सांगा.

फिजिशियन_धुळे
काचपट्टींच्या प्रतिसादाला माझी सही. गुरुजी, तुमच्या अंतराच्या मुद्द्यावर वाद नाही. म्हणूनच लिहितो: जिथे शिरेतून देता येत नाही तिथे सहा वर्षांखालच्या मुलांना आर्टेसुनेटची कॅप्सूल गुदद्वारातून देऊन पुढे पाठवायची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. वाटेतले तास त्याने विकत घेता येतात. आपल्या उपकेंद्रांवर ती सगळीकडे असायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. आणि आशाताईंनी काय बघून लगेच पुढे पाठवायचं तेही: दोन वाक्यं धड बोलत नाही, बसता येत नाही, सारखी उलटी, आकडी, लघवी काळी किंवा बंद, धाप. यातलं एकही असेल तर गोळ्यांच्या पाकिटावर विसंबू नये.

संपादक_मंडळ
दवाखान्यांची नावं घेणारे दोन प्रतिसाद काढले आहेत. अनुभव लिहा, नावं नकोत. पपईच्या पानाच्या रसावर वेगळा धागा आहे, तिकडे भांडा.

शहादेकर
सगळ्यांचे आभार. सालदारांना बसवून वाचून दाखवलं. 'जंतू रक्ताच्या नळीतच होता, मेंदूत नव्हता' हे त्यांना पटलं. भगताकडे गेले ते गेलेच, पण कोंबडीवर भागलं.

आता पुढचं. पोरगा हातात पेला धरला की थरथरतो, आणि विसरतो. शिवाय घरात किट होतं म्हणून आशाताईने परत टोचलं तर अजून फॅल्सिपेरम दाखवतंय! सगळे घाबरलेत. आणि ट्रॅक्टरवर कधी बसवू?

काचपट्टी
किटचं घाबरू नका. फॅल्सिपेरमची ती रेघ जंतूच्या एका प्रथिनावर उमटते, आणि जंतू मेल्यावरही ते रक्तात काही आठवडे राहतं. बरं झालं की नाही हे काचेवरच बघायचं. जवळच्या पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काच द्या.

फिजिशियन_धुळे
प्रौढ माणूस शुद्धीवर आला की बहुतेक वेळा पूर्ण सुधारतो. थरथर, तोल जाणं, विसरणं हे काही जणांत दिसतं आणि आठवड्यांत ओसरतं. क्वचित कोणी बरा होऊन घरी गेल्यावर पुन्हा गोंधळतो किंवा त्याला आकडी येते, रक्तात जंतू नसताना. तसं झालं तर थांबू नका, परत आणा. लहान मुलांचं मात्र वेगळं. युगांडातल्या अभ्यासात साधारण चारातल्या एका मुलाची दोन वर्षांनंतरही आकलनात अडचण सापडली, आणि काहींना पुढे फेफरं जडतं. त्यामुळे गुरुजी, तुमच्या वर्गात असं आजारपण काढून आलेलं मूल मागे पडत असेल तर त्याला 'ढ' म्हणण्याआधी दाखवून घ्या.

शहादेकर, दोन कामं करा. आर्टेसुनेट घेतलेल्यांपैकी काहींचं रक्त दोन-तीन आठवड्यांनी अचानक फुटतं, म्हणून महिनाभर दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघा; लघवी गडद झाली किंवा दम लागला तर त्याच दिवशी. आणि ट्रॅक्टर, विहीर, चारा कापायचं मशीन हे सगळं सध्या बंद. आकडी येऊन गेली आहे, त्यामुळे किती दिवस हे त्याला तपासल्याशिवाय मी इथून सांगणार नाही.

शहादेकर
विहिरीचं लक्षातच आलं नव्हतं, मोटार चालू करायला तोच उतरतो. उद्यापासून मी उतरतो. हिमोग्लोबिनला बुधवारी पीएचसीत नेतो, काचही तिथेच देतो.